कोअर, कॉन्ट्रिब, कस्टम : ड्रुपलच्या फोल्डरांचा इतिहास

#धागा

१५ ऑक्टोबर २०१४. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ड्रुपल या प्रणालीच्या सुरक्षा गटाने त्या वेळी एक सूचना प्रसिद्ध केली. ड्रुपल ७ वर चालणाऱ्या संकेतस्थळांत एक मोठे भगदाड सापडले होते आणि ते बुजवणारी ७.३२ ही आवृत्ती सूचनेबरोबरच उपलब्ध करून देण्यात आली होती. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, त्याच गटाने दुसरे निवेदन काढले. त्याचा आशय असा, की पहिल्या सूचनेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ परक्याच्या हाती गेले आहे असे समजूनच पुढची पावले उचलावीत.

सात तास. म्हणजे भारतातल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेचारपर्यंत.

ही दुरुस्ती कोणाला दहा मिनिटांत करता येईल आणि कोणाला रात्रभर पुरेल, हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट होती : कोणत्या फोल्डरात काय ठेवले आहे. त्या फोल्डरांना इतिहास आहे आणि तो वाटतो तितका रुक्ष नाही.

ड्रुपलचा जन्म बेल्जियममधला. २००० साली अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर या विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील मित्रांसाठी बिनतारी जोडणी उभारली. तिच्यावर आपापसांत निरोप देण्यासाठी बायटार्टने एक छोटा फलक लिहिला. शिक्षण संपल्यावर हा फलक महाजालावर न्यायचे ठरले. नाव हवे होते ‘डॉर्प’, म्हणजे डच भाषेत खेडे. टंकताना अक्षरे उलटसुलट झाली आणि नोंदणी झाली ‘ड्रॉप’ या नावाची. पुढे त्यामागची प्रणाली जगाला मोफत द्यायची वेळ आली, तेव्हा थेंब या अर्थाच्या ‘ड्रुपेल’ या डच शब्दावरून ‘ड्रुपल’ हे नाव घडवण्यात आले. पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

अशा प्रणालीला मजकूर व्यवस्थापन प्रणाली किंवा कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. लेख लिहिणाऱ्याने लेख लिहावा, तो कोठे व कसा दिसावा याची चिंता प्रणालीने वाहावी, ही तिची मूळ कल्पना. परंतु प्रत्येकाची गरज निराळी असते. वर्तमानपत्राला लेखकांची पाने हवीत, ग्रंथालयाला पुस्तकांचा शोध हवा, विद्यापीठाला प्रवेशअर्ज हवेत. वाड्याचा मूळ चौक तोच ठेवून गरजेप्रमाणे सोपा किंवा माडी जोडावी, तसे ड्रुपलला जे जोडकाम करतात त्याला मॉड्यूल म्हणतात.

आता या सगळ्या मॉड्यूलांचे मालक तीन प्रकारचे असतात. काही मॉड्यूले ड्रुपलबरोबरच येतात. ती गाभ्याची, म्हणजे ‘कोअर’. काही जगभरातील स्वयंसेवक आणि कंपन्या लिहून सर्वांना वापरायला देतात, ती ‘कॉन्ट्रिब’. आणि काही त्या एकाच संकेतस्थळासाठी त्याच्याच माणसांनी लिहिलेली असतात, जगात दुसरीकडे कोठेही नसतात, ती ‘कस्टम’. कोअर बिघडले तर ड्रुपलचा गट दुरुस्त करतो. कॉन्ट्रिब बिघडले तर त्याचा कर्ता दुरुस्त करतो, निदान तशी आशा असते. कस्टम बिघडले तर दार ठोठवायला दुसरे घरच नसते.

सुरुवातीच्या काळात ही विभागणी फोल्डरांत उमटलेली नव्हती. ‘मॉड्यूल्स’ नावाचे एक फोल्डर होते आणि गाभ्याची मॉड्यूले तेथेच नांदत. बाहेरून आणलेलीही तेथेच टाकली जात. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलींवर नव्या फाइली चढवायच्या, आणि चढवताना आपले काही गाडले तर जात नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. दहा-बारा मॉड्यूलांपर्यंत हे निभावते. शंभरांच्या घरात गेल्यावर कोणती फाइल कोणाची, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईनासे होते.

जानेवारी २००७ मध्ये ड्रुपल ५ आले आणि व्यवस्था बरीच सावरली. प्रत्येक मॉड्यूलाने स्वतःची ओळख सांगणारी एक छोटी ‘इन्फो’ फाइल जवळ बाळगावी, असा नियम झाला. तिच्यात मॉड्यूलाचे नाव, त्याचे काम, त्याला कोणत्या इतर मॉड्यूलांचा आधार लागतो हे सारे लिहिलेले असे. शिवाय बाहेरच्या आणि घरच्या मॉड्यूलांसाठी ‘साइट्स’ फोल्डरातील ‘ऑल’ आणि त्याच्या आतील ‘मॉड्यूल्स’ ही जागा रूढ झाली. ‘ऑल’ का? कारण ड्रुपलच्या एकाच प्रतीवर अनेक संकेतस्थळे चालवण्याची सोय होती. प्रत्येक संकेतस्थळाचे त्याच्या पत्त्याच्या नावाने फोल्डर असे, आणि सर्वांना सामाईक ते ‘ऑल’मध्ये.

या रचनेत वरचढपणाचा क्रमही ठरलेला होता. एकाच नावाचे मॉड्यूल गाभ्यात, ‘ऑल’मध्ये आणि एखाद्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या फोल्डरात अशा तीन ठिकाणी सापडले, तर संकेतस्थळाचे स्वतःचे जिंके, ते नसेल तर ‘ऑल’मधले, तेही नसेल तर गाभ्यातले. स्थानिक वहिवाट सामाईक नियमावर मात करते, असे म्हणता येईल. सोय मोठी होती आणि घोळही तितकाच मोठा. कारण विसरून राहिलेली एखादी जुनी प्रत नव्या प्रतीला गुपचूप झाकून टाकू शके.

मात्र या मांडणीत एक विसंगती राहून गेली. ड्रुपल उतरवून घेतल्यावर अगदी समोर दिसणारे फोल्डर ‘मॉड्यूल्स’च होते. नवशिक्या माणसाला वाटणार, मॉड्यूल टाकायचे ते येथेच. प्रत्यक्षात तो गाभ्याचा खासगी दिवाणखाना. पाहुण्यांनी जायचे ते मागच्या अंगणातून, ‘साइट्स’मधून ‘ऑल’मध्ये आणि तेथून आत. दर्शनी दार पाहुण्यांसाठी नाही हे सांगायला प्रत्येक मार्गदर्शकाला एक परिच्छेद खर्चावा लागे.

गाभ्याच्या सगळ्या फाइली ‘कोअर’ नावाच्या एका फोल्डरात हलवाव्यात, म्हणजे हा गोंधळच मिटेल, अशी मागणी २००५ सालीच ड्रुपलच्या नोंदवहीत दाखल झाली होती. तिचा क्रमांक २२३३६. ती मान्य होऊन अमलात यायला २०११ उजाडले. सहा वर्षे.

विलंबाचे कारण केवळ आळस मानणे अन्यायाचे ठरेल. ड्रुपलची सारी संहिता तोवर सीव्हीएस या जुन्या नोंदणीप्रणालीत होती आणि तीत फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेली की तिचा पूर्वेतिहास मागे राहत असे. कोणी, कधी, का बदल केला याची साखळी तुटे. फेब्रुवारी २०११ मध्ये ड्रुपल गिट या नव्या प्रणालीवर गेले; तीत फाइल हलली तरी तिचा माग काढता येतो. त्याच वर्षी ‘कोअर’चे स्थलांतर झाले, हा निव्वळ योगायोग असावा असे वाटत नाही. घर बदलताना कागदपत्रे हरवणार असतील तर शहाणा माणूस जुन्या घरातच राहतो.

स्थलांतर झाले खरे, पण ते पुढच्या, म्हणजे ड्रुपल ८ च्या संहितेत. लोकांच्या हाती तोवर ड्रुपल ७ होते. जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आवृत्तीत मागचे अंगण तसेच होते. आणि त्या अंगणात आता दाटी झाली होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या साऱ्या इतिहासाचे मर्म तीत आहे. ड्रुपल मॉड्यूले शोधताना ‘मॉड्यूल्स’ फोल्डराच्या आत, त्याच्या आत, आणखी आत असे खोलवर जाते आणि जेथे इन्फो फाइल दिसेल तेथे मॉड्यूल आहे असे समजते. वाटेतील फोल्डरांची नावे काय आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ‘ऑल’मधील मॉड्यूलांची ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘कस्टम’ अशी दोन फोल्डरांत वाटणी करण्याची जी रीत पुढे सर्वत्र रुजली, ती यंत्रासाठी नव्हतीच. ती माणसांनी माणसांसाठी केलेली खूण होती. पहिल्या फोल्डराचा अर्थ, याला हात लावू नका, नवी आवृत्ती आली की सरळ बदला. दुसऱ्याचा अर्थ, हे आमचे, हे गेले तर परत मिळणार नाही.

दुसऱ्या प्रणालींत ही मुभाही सहजी मिळत नाही. वर्डप्रेस आपली ‘प्लगइन’ शोधताना एकच पायरी आत उतरते. त्यापेक्षा खोल ठेवलेले त्याला दिसत नाही. म्हणून तेथे घरचे आणि बाहेरचे सारे एकाच ओळीत उभे असते आणि ओळख पटवायची ती नावाच्या उपसर्गावरून.

ड्रुपल ७ मधली अडचण निराळी होती. मॉड्यूल एकदा चालू केले की ते नेमके कोणत्या वाटेवर आहे, हे ड्रुपल आपल्या विदागारातील एका तक्त्यात लिहून ठेवी. सर्व मॉड्यूले एकाच ढिगात टाकून वर्षभर संकेतस्थळ चालवल्यावर एखाद्याला शिस्त आठवली आणि त्याने ‘कस्टम’ फोल्डर करून घरची मॉड्यूले तेथे हलवली, की ड्रुपल जुन्या वाटेवर शोधत राही आणि कधी कधी संकेतस्थळाच्या जागी पांढरे पान उरे. हा प्रसंग इतका वारंवार येई, की वाटांची नोंद नव्याने लिहिणारे ‘रजिस्ट्री रिबिल्ड’ नावाचे खास साधनच कोणी तरी तयार केले. आवरासावर पहिल्या दिवशी केली तर फुकट, वर्षाने केली तर महाग.

घरची मॉड्यूले एकाहून अधिक झाली की त्यांच्या आपसांतील मांडणीचा प्रश्न येई. बहुतेक संकेतस्थळांची सुरुवात एकाच कस्टम मॉड्यूलाने होते. त्यात अर्जाची दुरुस्ती, शोधाचे पान, ईमेलचा मजकूर असे सारे कोंबले जाते आणि ते फुगत जाते. मग ते फोडावे लागते. एखाद्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ‘ग्रंथालय’ हे मूळ मॉड्यूल, त्याच्या पोटातील फोल्डरात ‘ग्रंथालय_शोध’, ‘ग्रंथालय_सभासद’, ‘ग्रंथालय_दंड’ अशी पोटमॉड्यूले. प्रत्येकाची इन्फो फाइल वेगळी, त्यामुळे दंडाची आकारणी बंद करायची असेल तर तेवढे एकच मॉड्यूल बंद करता येते; शोधाला धक्का लागत नाही. इन्फो फाइलमध्ये ‘पॅकेज’ची ओळ सारखी ठेवली की व्यवस्थापकाच्या पडद्यावर ही चारही मॉड्यूले एका मथळ्याखाली दिसतात.

सर्वांच्या नावांत ‘ग्रंथालय’ हा उपसर्ग हवाच, आणि तो केवळ शोभेसाठी नव्हे. ड्रुपल ७ मध्ये मॉड्यूलाचे प्रत्येक महत्त्वाचे फंक्शन मॉड्यूलाच्या नावाने सुरू होते आणि ड्रुपल त्या नावावरूनच त्याला हाक मारते. दोन फोल्डरांत ‘शोध’ नावाची दोन मॉड्यूले ठेवली तर फोल्डर वेगळे असल्याचा काहीही उपयोग नाही. हाक एकच आणि ओ देणारे दोन. गाव वेगळे असले तरी सातबारावर नाव एकच असल्यासारखा हा घोटाळा.

आता पुन्हा २०१४ च्या त्या रात्रीकडे.

भगदाड सापडले होते ते गाभ्यात, विदागाराशी बोलणाऱ्या भागात. जर्मनीतील सेक्शनआइन्स या कंपनीच्या श्टेफान होर्स्ट यांनी ते शोधून काढले. बाहेरच्या माणसाने चतुराईने रचलेली विनंती पाठवली, की लॉगिन न करताच तिच्यातील आज्ञा थेट विदागारात शिरत असे. दोष ड्रुपल ७ च्या पहिल्या दिवसापासून तेथे होता आणि दुरुस्ती होती एका ओळीची. समुदायात या प्रकरणाला ‘ड्रुपलगेडन’ असे नाव पडले. प्रलयकालाच्या युद्धाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्याशी जुळवलेले.

दुरुस्तीचा राजमार्ग सोपा होता : ‘साइट्स’ फोल्डर सोडून बाकीचे सगळे काढावे, नव्या आवृत्तीचे तेथे ठेवावे. ज्यांचे सर्व काही ‘साइट्स’च्या आत होते, त्यांना हे डोळे झाकून करता आले असते. पण ज्यांनी आपली मॉड्यूले दर्शनी ‘मॉड्यूल्स’ फोल्डरात टाकली होती, त्यांची तीच पुसली जाणार होती. आणि ज्यांनी गाभ्याच्याच फाइलींत घाईगर्दीत दोन ओळी इकडेतिकडे केल्या होत्या, त्यांच्यापुढे याहून अवघड पेच : कोणत्या ओळी, कोणत्या फाइलीत, कोणी केल्या? गाभ्याला हात लावणे हे ड्रुपलच्या जगात महापातक मानले जाई. तसे केल्यास प्रत्येक वेळी एका मांजराच्या पिलाचा जीव जातो, अशी थट्टेची म्हणच रूढ होती. अशांच्या मदतीला त्या रात्री ती एक ओळच होती; संपूर्ण आवृत्ती न बदलता तेवढी ओळ हाताने बदलली तरी भगदाड बुजत होते.

मात्र भगदाड बुजले म्हणजे चोर बाहेर गेला असे नव्हे. सुरक्षा गटाच्या दुसऱ्या निवेदनाचा रोख याच गोष्टीवर होता. आत आलेल्याने विदागारात, फाइलींत, कोठेही चोरदार ठेवले असू शकते. उशिरा केलेली दुरुस्ती ते काढून टाकत नाही. मग परकी फाइल ओळखायची कशी?

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची पद्धत उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अनेक हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढण्यात आला. ड्रुपलमध्येही हेच करता येते, आणि येथे काम सोपे आहे, कारण मूळ प्रत उपलब्ध असते. कोअर आणि कॉन्ट्रिब यांच्या शुद्ध प्रती ड्रुपलच्या संकेतस्थळावर आहेत. आपली प्रत तिच्याशी ताडून पाहायची आणि एक अक्षर जरी जास्त असेल तर तो प्रक्षेप. हे ताडून पाहणारे ‘हॅक्ड’ नावाचे मॉड्यूलही आहे. कस्टमची शुद्ध प्रत मात्र जगात एकाच ठिकाणी असते : ज्याने लिहिले त्याच्या नोंदवहीत. ती नोंदवही ठेवलीच नसेल, किंवा तिन्ही प्रकारची मॉड्यूले एकाच ढिगात मिसळली असतील, तर कोणते पान घरचे आणि कोणते चोराचे, हे आठवणीवर सोडावे लागते.

ड्रुपल ८ अखेर १९ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाले. गाभा ‘कोअर’ फोल्डरात गेला होता आणि दर्शनी ‘मॉड्यूल्स’ फोल्डर प्रथमच पाहुण्यांसाठी मोकळे झाले. त्यात ठेवलेल्या सूचनापत्रात ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘कस्टम’ ही दोन नावेही आली. वहिवाटीला शेवटी लेखी मान्यता मिळाली. चालू असलेल्या मॉड्यूलांच्या यादीत आता वाट न लिहिता केवळ नाव लिहिले जाऊ लागले. त्यामुळे मॉड्यूल हलवले तरी तात्पुरता साठा पुसला की ड्रुपल त्याला पुन्हा शोधून काढते. गंमत अशी, की बाहेरच्या फोल्डरांना मोकळीक देणाऱ्या याच आवृत्तीने मॉड्यूलाच्या आतील फोल्डरांवर कडक कायदा लादला. तेथे कोणता वर्ग कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाच्या फाइलीत असावा हे काटेकोर ठरलेले आहे. चुकले तर तो सापडतच नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, आशियातील पहिली ड्रुपलकॉन मुंबईत पवईच्या आयआयटीत भरली. ड्रुपलवर पोट असणाऱ्या भारतीय अभियंत्यांचा वर्ग तोवर मोठा झाला होता, आणि त्यांच्या वाट्याला येणारे काम पुष्कळदा दुसऱ्या कोणी तरी रचलेल्या फोल्डरांत उतरून पाहण्याचे असते.

त्यानंतर कंपोझर या साधनाने ‘कॉन्ट्रिब’चे फोल्डर हाताने भरण्याची गरजच संपवली. कोणते मॉड्यूल, कोणती आवृत्ती, एवढी यादी ठेवायची. फाइली साधन स्वतः आणते आणि प्रकार पाहून योग्य फोल्डरात ठेवते. त्यामुळे अनेक संघ कोअर आणि कॉन्ट्रिब आपल्या नोंदवहीत साठवतच नाहीत. अशी एखादी नोंदवही उघडली तर ‘मॉड्यूल्स’मध्ये एकटे ‘कस्टम’ दिसते.

५ जानेवारी २०२५ रोजी ड्रुपल ७ चा अधिकृत आधार संपला. त्यावर उभे असलेले संकेतस्थळ नव्या आवृत्तीवर न्यायचे, तर कॉन्ट्रिब मॉड्यूलांची नवी रूपे किंवा पर्याय शोधता येतात. कस्टम मॉड्यूले मात्र एकेक करून पुन्हा लिहावी लागतात. म्हणून खर्चाचा अंदाज बांधायला बसलेला माणूस सर्वांत आधी ‘साइट्स’, ‘ऑल’, ‘मॉड्यूल्स’ अशा जुन्या वाटेने आत जातो आणि ‘कस्टम’ नावाचे फोल्डर तेथे आहे की नाही ते पाहतो. असेल, तर आतील मॉड्यूले मोजून कामाला लागतो. नसेल, तर त्याला ढिगातील प्रत्येक मॉड्यूलाची इन्फो फाइल उघडून ते कोणाचे, हे आधी ठरवावे लागते.